आवाज करणारा ब्लोअर

घरच्या फिशटँकसाठी हवेचा पंप घ्यायला गेलो होतो. माझी अट एकच होती, आवाज नको. माझ्याआधी एक बाई मत्स्यतळ्याच्या पाण्यात हवा सोडणारा मोठा ब्लोअर बघत होत्या. दुकानदाराने तळं किती खोल आहे ते विचारलं, कारण पाणी जितकं खोल, तितका हवा खाली ढकलायला जोर जास्त लागतो. मग एक नवं मशीन पुढे करून तो म्हणाला, "ताई, हे घ्या. चालू आहे की बंद, कळत पण नाही."

"तेच नको," बाई म्हणाल्या. "मागचा असाच होता. बंद पडला ते कुणाला कळलं नाही. तळ्यावर गेले तर सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. घरात ऐकू येईल असा द्या."

माझ्या वडिलांना दमा होता. त्यांच्या छातीची घरघर भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायची. दुसऱ्याच्या जगण्याचा आवाज आपल्याला किती लवकर नकोसा होतो. एका दुपारी मी त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि गाढ झोपलो. उठलो तेव्हा घर शांत होतं. त्यांचा चहा घेऊन दार उघडेपर्यंत ती शांतता मला आवडली होती.

बाई घरघरणारा ब्लोअर घेऊन गेल्या. दुकानदाराने माझ्यासाठी एक छोटा पंप काढला, प्लगला लावला आणि माझ्या हातात दिला. मी तो कानाशी नेला.

"चालू आहे साहेब," तो म्हणाला.