डुमसला समुद्र नव्हता तो रविवार

आमच्या आत्याने सुरत एकदाच बघितली, एका रविवारी, आणि त्या दिवसाचा राग मला अजून येतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सातवीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाले होते. सुरतेतल्या गिरण्यांच्या वस्तीत, पांडेसराला, आमची एक खोली होती आणि वडील जवळच्याच मिलमध्ये साड्या रंगवायच्या मशीनवर होते. बारा तासांची शिफ्ट, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री.

आत्या वडिलांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, म्हणून वडिलांना तिनेच वाढवलं. तिचं सासर खानदेशात, तापीच्या काठावर. वडील सोळाव्या वर्षी सुरतेला निघाले तेव्हा तिने तापीला नवस बोलला होता: माझा भाऊ परक्या मुलखात टिकला, तर तू समुद्राला मिळतेस तिथे त्याला घेऊन येईन आणि तुझी ओटी भरीन. भाऊ टिकला, लग्न झालं, तीन मुलं झाली. नवस मात्र पंधरा वर्षं तसाच राहिला, कारण तिला घर सुटत नव्हतं आणि वडिलांना मिल. शेवटी त्या उन्हाळ्यात ती खण, तांदूळ, हळदकुंकू बांधून आली. तिची लेक बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते, त्यामुळे सोमवारी सकाळच्या गाडीने तिला परत निघणं भागच होतं. आमच्या हातात एक रविवार होता.

आणि शनिवारी मिलच्या गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहून आलं की लग्नसराईच्या मालामुळे रविवारची सुट्टी रद्द. झालं! वर्षभर बिनबोभाट मिळणारी सुट्टी त्यांना नेमकी त्याच आठवड्यात खुपली. वडिलांची रात्रीची शिफ्ट होती. ते सकाळी सातला सुटले, अंघोळ केली आणि न झोपता आम्हाला घेऊन निघाले. संध्याकाळी सातला पुन्हा हजर व्हायचं होतं. लग्नसराईत खाडा केला की दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवत आणि मशीनवर दुसरा माणूस उभा असे.

धाकट्या दोघांना शेजारी ठेवून आई, आत्या, वडील आणि मी बसने किल्ल्याजवळच्या चौकात उतरलो. पाहुणीला शहर दाखवायचं म्हणून आधी किल्ला. किल्ल्यात सरकारी कचेऱ्या, रविवारी दार बंद. मग कतारगामकडच्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कबरी. तिथेही फाटकाला कुलूप. गजांतून ते घुमट आणि खांब बघून आत्या म्हणाली, "मरेल गोरासले इतलं मोठं घर, अन् तुम्ही पाच जन एक खोलीम्हा?" वडील हसले. मला हसू आलं नाही, कारण ते खरंच होतं. या शहरात बघण्यासारखं जे होतं त्याच्या बाहेर आम्ही उभे होतो, आणि देशभर नेसल्या जाणाऱ्या साड्यांचा रंग माझ्या वडिलांच्या नखांत होता.

तापीच्या मुखाजवळच्या डुमसला पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. नारळ बसस्टॉपवरच घेतला. आत्याने नऊवारीचा पदर खोचला, ओटीचं गाठोडं छातीशी धरलं आणि सुरूची झाडं ओलांडून पुढे गेली. तिथे समुद्र नव्हता. काळी वाळू, तिच्यापुढे काळा चिखल, नजर पोहोचेल तिथपर्यंत चिखलच.

"पानी कथं गयं?" आत्याने विचारलं.

वडील डावीकडे गेले, उजवीकडे गेले. चेहऱ्यावर असं, की आपण चुकीच्या जागी उतरलो. शेवटी टमाट्याची भजी तळणाऱ्याला विचारलं, "भाई, दरिया किधर है?" आजूबाजूची गिऱ्हाइकं खो खो हसली. भजीवाला बिचारा हसला नाही. "दरियो तो गयो. सांजे पाछो आवशे," तो म्हणाला.

तेव्हा कळलं की पंधरा वर्षं सुरतेत राहून वडिलांनी समुद्र एकदाही पाहिला नव्हता. आमच्या खानदेशात पाणी आटतं किंवा पूर येतो. दुपारी निघून जाऊन संध्याकाळी परत येणारं पाणी आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आणि मी? मला भूगोलात भरती-ओहोटीच्या प्रश्नाला पूर्ण मार्क होते! आकृतीसुद्धा काढली होती, चंद्रासकट. पण पुस्तकातला तो समुद्र आणि पांडेसराहून बसने जायचा समुद्र एकच, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. माझ्या लाजेचा राग मी वडिलांवरच काढला. एकदा कुणाला विचारता आलं नसतं का, असं आईच्या कानात म्हणत राहिले.

"याले बी शिपट शे का?" आत्या चिखलापलीकडे बघत म्हणाली आणि सुरूच्या सावलीत बसली. आम्ही वाट बघितली. वडिलांना बसल्याबसल्या डुलकी लागायची, ते दचकून उठायचे आणि समोर बघायचे. तीन वाजले. खूप लांब एक चकचकीत रेघ दिसायला लागली. चार वाजले. रेघ रुंद झाली, पण अजून खूप लांब होती, आणि वडिलांना शिफ्टसाठी शेवटची सोयीची बस धरायची होती.

"आज राहा ना," मी ओरडले. "एक दिवस काय होतं?"

वडिलांनी नारळ दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि आत्याच्या ओटीत ठेवला. "आक्का, माले जानं पडी," म्हणाले. नवस भावाला सोबत आणण्याचा होता, हे आत्याला पाठ होतं. तरी ती म्हणाली, "जाय भाऊ. तापीमायले मी सांगसू, तू कामवर शे." ते बसकडे धावत गेले. चपलेला चिखल लागला होता, तो झटकायलाही थांबले नाहीत.

पाणी आलं ते सूर्य टेकताना. इतकं भराभर आलं की आम्हाला उठून मागे सरकावं लागलं. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहिली, तापी कुठल्या बाजूने येते ते भजीवाल्याला विचारून तिकडे तोंड केलं आणि ओटी भरली. मग मोठ्याने रडली. मी मात्र पाण्याकडे नीट बघितलंही नाही, इतकी संतापले होते. ज्याच्यासाठी ती पाण्यात उभी होती तो माणूस तेव्हा वाफेत उभा राहून कुणाच्या तरी लग्नाचा लाल रंग कापडावर चढवत होता.

सकाळी ते मिलमधून थेट स्टेशनवर आले. आत्याच्या पाया पडले. गाडी हलली, खिडकीतला हात दिसेनासा झाला. परतताना स्टेशनच्या जिन्यावर वडिलांनी मला हळूच विचारलं, "दरिया कितला मोठा व्हता?"

"स्वतः जाऊन बघा," मी म्हणाले.

"जासूत, पुढला रविवारले," ते म्हणाले.

त्यानंतर ते अकरा वर्षं त्याच मिलमध्ये होते आणि डुमसला गेले नाहीत. मला पुन्हा कधी विचारलंही नाही, आणि मी सांगितलं नाही.