दार लागत नव्हतं

गाडीतळावर आमच्या ह्यांना सगळे 'बसतंय' म्हणतात. पिकअपमध्ये फरशीच्या पेट्या भरताना हमाल थांबला, की हे हौद्याकडे मान वाकडी करून बघणार आणि म्हणणार, "बसतंय की अजून!" माणूस वाईट नाही. पण गिऱ्हाइकानं गळ घातली की विरघळलेच.

गाडी मागून दबायला लागली, तेव्हा ह्यांनी मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले. झालं, गाडी पुन्हा ताठ उभी. "बघ, भार जाणवतसुद्धा नाही," म्हणाले. मला जाणवत होता ना. ते घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. उताराच्या रस्त्यावर जरा मोठा आवाज झाला, की हातातलं काम तसंच टाकून मी खिडकीशी.

त्यात लेकीला कॉलेजवर सोडणंही त्यांनी बंद केलं. "फरशीची धूळ लागते तुझ्या कपड्यांना, बसनं जा." कॉलेज ह्यांच्या वाटेवरच. मी चांगलीच कावले. इतके दिवस धूळ नव्हती का?

परवा रिकाम्या गाडीतून आम्ही दोघं नणंदेकडे निघालो, तर माझ्या बाजूचं दार लागेचना. उचलून ढकललं तेव्हा कुठे लागलं, आणि पहिल्याच खड्ड्यात उघडलं.

"बिजागरी सैल झालीय," हे म्हणाले.

"मग आधी बिजागरी दाखवू. वन्सं कुठे पळून जात नाहीत."

वेल्डरनं बिजागरीला हातही लावला नाही. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट बघितली. वरून अख्खा हात जात होता, खालून बोटही जाईना. मग तो गाडीखाली शिरला.

"वहिनी, दाराला काही झालं नाही. चासी वाकलीय," तो तिथूनच म्हणाला. चासी म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा, एवढं मलाही ठाऊक होतं. "पाटे वाढवले, पण भार जाणार कुठे? चासीवरच आला. तडाही गेलाय." मग त्यानं विचारलं, "ह्या पांढऱ्या रेघा कुणी मारल्या?"

मी वाकून बॅटरीच्या उजेडात बघितलं. तड्यावर आडवी रंगाची रेघ. तडा तिच्या पुढे सरकलेला, तिथे दुसरी. त्याच्याही पुढे तिसरी.

"वाढतोय का ते बघत होतो," हे म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते.

"कधीपासून?"

"लेकीला बसनं पाठवायला लागलो तेव्हापासून."

मला राग यायला हवा होता, आलं रडू. पोरीला तेवढं उतरवलं आणि स्वतः रोज त्याच गाडीत बसत राहिले. वेल्डर म्हणाला, पट्टी मारून देतो, पण यापुढे निम्माच माल भरायचा. "निम्म्यात कसं भागणार," असं काहीतरी हे पुटपुटले.

"ठीक आहे," मी म्हटलं. "उद्यापासून लेकीच्या जागी मी बसते. मग भरा किती भरायचं ते."

"नाही, तू नको," ते पटकन म्हणाले.

"मी नको, लेक नको. मग तुम्हीच का?"

ह्यांनी किल्ली वेल्डरच्या हातात दिली. आम्ही दोघं बसनं घरी आलो.