बाहीवरचा कापूस

कापूस वेचणीचे दिवस आले की माझे हात स्वस्थ राहत नाहीत. बोटांना कापूस लागला की झटकतो, पुन्हा पाहतो, पुन्हा झटकतो.

वणीच्या मैदानातली ती मोटारसायकलची शर्यत आमच्या रेसिंग टीमची तिसरी, आणि शेवटची. टीम म्हणजे मिस्त्री रफिकभाई, गाडी चालवणारा माझा मित्र दिन्या आणि मी. कार्बोरेटर साफ करायला फडकं सापडेना, तेव्हा मी खिशातला घरचा कापूस काढला. त्याहून स्वच्छ काय असणार?

शेवटच्या फेरीत दिन्या सगळ्यांच्या पुढे होता. जळक्या ऑइलचा धूर, दातांत माती. गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

"इतकी रेस कायले पिळली बे? इंजन जाम केलं तुनं!" रफिकभाई दिन्यावर ओरडले.

"म्या काहीच नाही केलं, भाई!"

रफिकभाईंनी पाना फेकला, दिन्यानं हेल्मेट. टीम तिथंच मोडली. नंतर मी एकट्यानं कार्बोरेटर उघडला. पेट्रोल जायच्या भोकात कापसाचा तंतू अडकला होता. मी तो फुंकून उडवला आणि कार्बोरेटर परत बसवून टाकला.

परवा मारेगावच्या बाजारात दिन्या भेटला. म्हणाला, "गाडी काहून बंद पडली बे, मले अजून समजलं नाही."

माझ्या बाहीला कापूस चिकटला होता. बोलता बोलता त्यानंच तो झटकला.