पाणी सोडणाऱ्या गुलाबची काळी टाकी

गुलाबनं बायकोच्या चितेचा कोळसा पिण्याच्या पाण्यात टाकला, अशी कुजबुज आमच्या गावात उठली. आमच्या पारावर बातमी चहा गार व्हायच्या आत पोचते. ही तर चहा उकळायच्या आत आली.

गाव माकणीच्या धरणाच्या अलीकडचं. गुलाब नळाला पाणी सोडणारा. व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून असा चालायचा, जणू तेरणा नदी यानंच अडवली! त्याच्या बायकोच्या, विठाबाईच्या, पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली आणि कुठलंच औषध लागू पडेना. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, जंतू औषधाला सरावलेत.

वरच्या अंगाला कृष्णराजची पोल्ट्री. तिथं कोंबड्यांना खाद्यातनं अँटिबायोटिक देतात. शेड धुतलेलं पाणी ओढ्याला, ओढ्याचं पाझरून गावच्या विहिरीत. विद्यापीठातनं आलेल्या निकितानं पाणी तपासलं, तर त्यात तेच औषध; जंतू सरावले ते त्यावरच. तिनं चाचणीची छोटी टाकी बसवून एका आळीच्या नळाला जोडली. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, बंद पिंपात जाळून कोळसा करायचा, त्याला लोखंडाचा क्षार पाजून पुन्हा भाजायचा. तो टाकीत भरून थेंबथेंब पेरॉक्साइड सोडलं की ते लोखंड पाण्यातल्या औषधाचे तुकडे पाडतं. कोळशाचं काम गुलाबकडं. विठाबाई खाटेवरनं म्हणायची, "सवत आणली ती आणली, तीबी काळीच."

यानं काकूंचा पाय बरा होणार नाही, पुढच्यांचे वाचतील, असं निकितानं स्पष्ट सांगितलं होतं. गुलाब नुसतं "व्हय" म्हणाला आणि तुराट्या मोडत राहिला. शेवटचा नमुना चांगला आला तर सगळ्या गावाला मोठी टाकी मिळणार होती. नाही तर काम बंद.

नमुन्याच्या तोंडावरच विठाबाई गेली. टाकीतला कोळसा बदलायची पाळी नेमकी राख सावडायच्या दिवशी आली. गुलाब स्मशानातनं तडक टाकीवर गेला आणि कोपरापर्यंत काळा झाला. कुणीतरी पाहिलं. आमच्या गावाला एवढं पुष्कळ.

विटाळलं पाणी चुन्यानं शुद्ध करायचं, ही इथली जुनी रीत. म्हातारे धोंडीबा चुन्याची घमेली घेऊन निघाले, मागं निम्मं गाव. गुलाब आडवा आला.

"तात्या, तुराट्याचाच हाय वो. चुन्यानं मरतोय त्यो."

"कोळसा मरतोय व्हय रं? जळून तर आलाय."

लोक हसले. धोंडीबांनी मग त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, तुझं दुःख कळतंय म्हणाले, आणि टाकीत चुना ओतला.

निकितानं नमुना नेला. चुन्यानं लोखंड निकामी झालं होतं. औषध पाण्यात होतं तसंच. टाकी उचलून नेली. पोल्ट्री चालू आहे. गावातल्या गोरोबाच्या सुनेची बाळंतपणातल्या टाक्यांची जखम दिवाळीपासून भरून येत नाही. गुलाब रोज सकाळी व्हॉल्व्ह फिरवतो आणि तेच पाणी गावाला सोडतो.

टाकीत चितेचा कोळसा नव्हता. तो तुराट्यांचा होता.