लिंबानं घासलेले बत्तीस दगड

आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे, हे कॉलेजातल्याच पुष्कळांना माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, नऊ विद्यार्थी, बत्तीस दगड आणि कडूबामामा. मामा प्रयोगशाळेचे शिपाई. बावीस वर्षं हंगामी. दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं कामावर घेतात. माणूस तोच असतो, झाडूही तोच.

यंदा प्राचार्यांनी त्यांना शब्द दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती. "प्रयोगशाळेला चांगला शेरा मिळू द्या मामा, तुम्हाला कायम करायची फाइल मी स्वतः वर पाठवतो." मामांनी ही बातमी पैठणजवळच्या आपल्या गावी भावकीत सांगून टाकली, त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, गल्लीत सांगितली. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

म्हणून खंडेनवमीला मामांनी कंबर कसली. नवमीला आम्ही सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहतो आणि प्रोजेक्टरला झेंडूचा हार घालतो. विज्ञान शाखा असली म्हणून काय झालं! मामांना वाटलं, यंत्रांची पूजा होते, मग दगडांनीच काय घोडं मारलंय? आदल्या संध्याकाळी त्यांनी बत्तीसच्या बत्तीस दगड बादल्यांमध्ये भिजत घातले आणि सकाळी देवाची भांडी घासावीत तसे लिंबानं घासून काढले. दगड लखलखले. त्यांच्यावर डिंकानं चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या मोरीतून वाहून गेल्या.

मामा माझ्याकडे आले. मी तिथं तासिकेवर शिकवते, म्हणजे मीही हंगामीच. फरक इतकाच, की मला मॅडम म्हणतात.

"मॅडम, चिठ्ठ्या गेल्या."

"दिसतंय मला."

"आन् एक दगड बी गेला."

"कुठं गेला?"

"बादलीतच व्हता. इरघळला."

तो सैंधवाचा खडा होता. कधीकाळी आटलेल्या समुद्राचं मीठ, थरांखाली दबून खडक झालेलं. कोट्यवधी वर्षं टिकलं आणि मामांच्या बादलीत एका रात्रीत संपलं.

विभागप्रमुख विश्वजित सर आधी संतापले, मग घाबरले. आम्ही दोघं पुस्तक उघडून उरलेल्या एकतीस दगडांसमोर बसलो. तीन तासांत सात ओळखले आणि त्यातल्या दोनांवरून आमचं भांडण झालं. सर पीएच.डी. आहेत, माझी व्हायची राहिली आहे. शेवटी मामा म्हणाले, "मी लावू का, सर?"

सरांनी हात झटकले. मामांनी अर्ध्या तासात सगळे लावले. बोटाला वाळूचे कण लागले तो वालुकाश्म. नखानं पापुद्रा सुटला तो शेल. तसाच दिसणारा, पण टिचकी मारल्यावर खणखणला, तो पाटीचा दगड. "आन् लिंबू पिळलं तवा ह्ये दोन फसफसले, मॅडम. ही चुनखडी, आन् ह्यो तिचाच भाऊ संगमरवर. जमिनीखाली भाजून निघाला म्हणून येवढा गोरा." बावीस वर्षं दाराशी उभं राहून मामांनी सरांचं प्रत्येक व्याख्यान ऐकलं होतं. सरांनी स्वतः ते बहुधा कधी ऐकलं नसावं. मिठाची जागा भरायला मामांनी गुलमंडीवरच्या दुकानातून उपवासाच्या मिठाचा एक मोठा खडा आणला.

समितीत तिघे होते. प्रोजेक्टर हारासकट बंद पडला. अध्यक्षांनी सरांना सांगितलं, "राहू द्या. या नमुन्यांवरूनच खडकांचं चक्र समजावून सांगा." सर पडद्यावर वाचल्याशिवाय कधी बोललेले नाहीत. ते घसा खाकरत राहिले. मामा हळूच पुढं झाले.

"सायेब, ह्यो काळा दगड. खालून तापलेला रस वर आला, निवला, त्येचा ह्यो झाला. येरूळ, दौलताबाद, आपुन हुभे हाव ती जागा, समदी ह्येचीच. पर ऊनपावसानं ह्यो बी झिजतो, माती व्हतो, गोदावरीत जातो. आमच्या बापाची जमीन जायकवाडीत बुडाली. तिच्यावर आता गाळ बसतोय, थरावर थर. दाबत गेला की त्येचा असा शेल व्हईल. त्यो आजून खाली गेला, भाजला, की ही पाटी. लईच खाली गेला तर वितळून परत रस. मंग फिरून हितून सुरू."

"किती काळ लागतो याला?" अध्यक्षांनी विचारलं.

"लई, सायेब. पर काम थांबत नाय."

मला मामांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. जाताना समितीनं गुलमंडीच्या खड्याचा फोटो घेतला आणि नमुना उत्तम जपल्याबद्दल सरांचं अभिनंदन केलं.

पंधरा दिवसांनी शेरा आला: 'अत्यल्प मनुष्यबळातही प्रयोगशाळेची व्यवस्था अनुकरणीय.' प्राचार्यांनी शब्द पाळला. मामांची फाइल खरंच उघडली, समितीचा शेरा तिच्यात जसाच्या तसा उतरवला आणि खाली लिहिलं, 'सध्याच्या हंगामी व्यवस्थेत काम उत्कृष्ट चालत असल्याचे समितीनेच नमूद केले असल्याने कायम पदाची आवश्यकता दिसत नाही.' कार्यालयातल्या प्रणयनं मला ते पान दाखवलं. मी दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता.

जिना चढून वर आले तर मामा पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. अंगात नवा सदरा.

"मॅडम, लई चांगला शेरा मिळाला म्हणत्यात. व्हय ना?"

"हो मामा. फारच चांगला."

"मंग आता फाइल लिवली आसंल त्यांनी?"

"लिहिली," मी म्हणाले.

पुढं ते आणखी काही विचारणार, एवढ्यात मी पेढा तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, इतकीच अक्कल मला त्या वेळी सुचली. मला माझी लाज वाटली. मामांना वाटलं मला पेढा आवडला, म्हणून त्यांनी आग्रह करून दुसरा दिला आणि मी तोही खाल्ला.