समुद्रफुलाला दिवस गेले

लग्नाच्या पाचव्या वर्षी माझ्या घरात सवत आली, तीही प्लॅस्टिकच्या बरणीत बसून. माझे यजमान चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पोरांची सहल घेऊन कोकणात गेले आणि येताना दगडाला चिकटलेला एक समुद्री जीव आणि दोन कॅन भरून समुद्राचं पाणी घेऊन आले. आंबे नाहीत, काजू नाहीत, पाणी! पुस्तकात त्या जीवाला समुद्रफूल म्हणतात. दिसायला फूलच, रुपयाच्या नाण्याएवढं, कडेनं बारीक बोटांची झालर. पण आहे ते जनावर. आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई बरणीत डोकावून म्हणाल्या, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

तेव्हा गल्लीत टीव्ही नुकते येऊ लागले होते. आमच्या टीव्हीसाठी मी टेबल पुसूनबिसून ठेवलं होतं. त्यावर काचेची पेटी आली.

त्याचे लाड काय सांगू. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून रोज काचेवरच्या रेघेपर्यंत उकळून गार केलेलं गोडं पाणी घालायचं. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप चालू ठेवायचा. वीज आमच्याच गावात तयार व्हायची आणि आमच्याच गावातून जायची. ती गेली की हे वाटीनं पाणी वरखाली करत बसायचे. आठवड्यातून दोनदा तलावातल्या झिंग्याचा तांदळाएवढा तुकडा चिमट्यानं त्याच्या बोटांवर ठेवायचा. बोटं मिटेपर्यंत हे श्वास धरून उभे. माझ्या ताटातली भाजी संपली हे या माणसाला कधी दिसलं नाही. ओळीनं दोन उन्हाळे घरातला एकुलता एक कूलर बाहेरच्या खोलीत पेटीपुढे गेला आणि मी मागच्या खोलीत ओली चादर पांघरून कूस बदलत राहिले. जळायचे मी, सरळ सांगते. बिनहाडाच्या, बिनडोळ्यांच्या त्या गोळ्यावर जळायचे.

आम्हाला मूल नव्हतं. चंद्रपूरच्या दोन डॉक्टरीणबाई झाल्या, नागपूरची एक झाली. सासूबाईंनी जिवती गावाकडच्या डोंगरातून मुळ्या आणवल्या, त्याही मी नाक दाबून प्याले. नागपूरची बाई शेवटी म्हणाली, "तुमच्यात काही दोष दिसत नाही. आता मालकांना घेऊन या." मी घरी येऊन यांना सांगितलं. यांनी ऐकलं आणि वर्गाची वेळ झाली म्हणून निघून गेले. पुन्हा सांगितलं तेव्हा पेटीतल्या पाण्याचा खारेपणा मोजायला बसले. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या मलाच मुळ्या उगाळून द्यायच्या. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

सासूबाई राजुऱ्याकडच्या. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय उठू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. कोकणातून आलेला पाहुणा हप्त्यात दोनदाच खातो, तेही तांदळाएवढं, हे त्यांना सोसवेना. "उपाशी मारून राह्यला बिचाऱ्याले," म्हणत त्या यजमान कॉलेजात गेले की सोललेले झिंगे घेऊन पेटीशी बसायच्या. शेजारणी आल्या की त्यांच्याही हातून एकेक घास. आणखी एक, माह्या हातचा एक.

मग एक दिवस समुद्रफुलानं खाल्लेलं सगळं बुळबुळीत गोळा करून बाहेर टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सहा लेकरं झालेली माझी सासू बराच वेळ निरखत बसली आणि म्हणाली, "याले दिवस गेले."

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत.

यजमानांनी आल्यावर पाणी हुंगलं, आईला रागावले, अर्धं पाणी बदललं, झिंगे बंद केले. ओकाऱ्या थांबल्या. पण पावसाळ्याच्या तोंडाला काचेवर मोहरीएवढे ठिपके दिसले, आणि बघता बघता त्यांना बारीक बोटं फुटली. पिल्लं! सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. बायका येऊन पेटीपुढे वाकायच्या, मोजायच्या, "मायवर गेले सारे," म्हणायच्या. चहा मी द्यायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी एवढं सोसून जे आणू शकले नाही ते या मेल्यानं बसल्या जागी आणलं, आणि त्याचं बारसं करायचंच तेवढं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात मोठं समुद्रफूल आखडून बसलं, उघडेना. सासूबाईंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन पेटीवरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. मिरच्या जळाल्या, पण ठसका आला नाही. ठसका न येणं म्हणजे दृष्ट जबर.

"भारी नजर हाय," त्या म्हणाल्या. "घरातलीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुद्दाम पाहत नाहीत, हेच जास्त लागलं. आणि नजर तर माझी होतीच, खोटं कशाला बोलू?

यजमान हसायला लागले. "आई, नजर-बिजर काई नाई. अन् दिवसही नाई गेले. ते सरकते तवा त्याच्या बुडाचे तुकडे काचेले चिकटून राहतात, त्याचेच पिल्लं होतात. त्याले जोडीदार लागतच नाई."

"त्याले नाई लागत," मी म्हणाले. "मले लागते."

हसणं थांबलं. मी मात्र थांबले नाही. "नागपूरच्या बाईनं सांगितलं, तुमच्यात दोष नाई, मालकाले घेऊन या. दोन वर्सं झाले. तुम्ही या पेटीतलं पाणी तपासून राह्यले."

सासूबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली. "खरं हाय काय रे, बाबू?"

यजमानांचा हात पेटीच्या झाकणाकडे गेला.

"त्याले हात नको लावू. माह्याशी बोल." यांनी हात मागे घेतला, पण बघत राहिले पेटीकडेच. सासूबाईंना तेवढ्यावरून समजलं. त्या म्हणाल्या, "सकाळच्या मोटारीनं हिच्यासंगं नागपूरले जा. फुलाले मी पायतो."

आम्ही गेलो. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हा दोघांचं, ते इथे लिहिणार नाही. समुद्रफूल पुन्हा उघडलं आणि पुढे बरेच दिवस जगलं. मला ते शेवटपर्यंत आवडलं नाही. पिल्लं बघायला बायका येतच राहिल्या, आणि एखादी जाता जाता हळूच विचारायची, सुनेचं काही? सासूबाई झिंगे सोलता सोलता, मान वर न करता म्हणायच्या, "माह्या पोराले विचारा."