मिस्त्रींच्या जीपचा खांदा

आमच्याकडच्या भाद्रपदी पोळ्याचा दिवस, १९६४. हिर्डोशीच्या शाळेपासून सकाळी निघताना जीपमध्ये हजर: सुमन, वय वीस, पहिलटकरीण, तिचे सासरे तात्या, मी, आरोग्य केंद्राची परिचारिका, आणि चालवायला मिस्त्री. वहीत नोंद आहे ती एवढीच. मिस्त्री अनवाणी होते हे त्यात नाही. ते लिहायची गरज नव्हती, कारण चप्पल घालून ते जीपमध्ये कधी बसलेच नाहीत.

कागदोपत्री ते ड्रायव्हर. पण आमची जीप लष्करातून मोडीत निघालेली. भोर-वेल्ह्याच्या वाटांवर ती चालवण्यापेक्षा तिच्याखाली आडवं पडण्यातच त्यांचा जास्त वेळ जाई, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चढायच्या आधी चपला सीटखाली सरकवायच्या आणि डावा तळपाय धोतराच्या सोग्याने पुसायचा. "बाई, क्लच डोळ्याला दिसत न्हाई. त्यो तळपायालाच कळतो," म्हणायचे. मार्गासनीच्या रस्त्यावर एकदा एक साहेब हौसेने चालवायला बसले आणि पाय क्लचवरच ठेवून राहिले. मिस्त्रींनी मैलभर सहन केलं. मग म्हणाले, "सायेब, तुमी लिवताना कुनी तुमच्या खांद्यावर सारका हात ठिवला तर चालंल का?" साहेबांनी पाय उचलला.

माझ्या याद्यांची ते चेष्टा करत. "बाई, आजच्या यादीत माजं नाव हाय का?"

"आहे. पाचवं."

"मंग बरं. म्हंजे जित्ता हाय."

त्यांच्या सांगण्यावरून केलेली जीपच्या कामांची यादीही माझ्याकडेच असे. तिच्यात चार महिने एक ओळ होती: 'क्लचवरचे झाकण'. पायाजवळच्या पत्र्यात एक भोक पडलं होतं. त्यातून खाली, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेले असतात, तिथली क्लचची जागा उघडी दिसे. मिस्त्रींनी त्यावर गोणपाट टाकलं होतं. गाडी चालत होती, म्हणून दर महिन्याला मी ती ओळ खाली ढकलत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही लस टोचायला हिर्डोशीत मुक्कामाला होतो. सुमनला तपासलं, तर मूल पायाळू. सकाळीच तिला भोरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिन्हीसांजेला तात्या बैलांची खांदेमळणी उरकून हळद-तेलाची वाटी घेऊन जीपपाशी आले.

"मिस्त्री, उंद्या तुमच्या ह्या बैलावर माजी सून बसायची. ह्येचा खांदा नगं का मळाया? कुठं असतोय ह्येचा खांदा?"

मिस्त्रींनी हसत गोणपाट उचललं. "हितं बगा, तात्या. जू हितंच बसतं."

मीही हसले. मग मी आणि मिस्त्री शाळेतल्या गुरुजींच्या घरी जेवायला गेलो.

सकाळी सुमनला कळा सुरू झाल्या. सपाटीवर जीप नीट चालली. ओढा ओलांडून चढ लागला, तसं इंजिन ओरडायला लागलं आणि जीप जागच्या जागी. मग हळूहळू मागे सरकू लागली. जळल्याचा वास आला. मिस्त्रींनी चाकामागे दगड लावले. "सटकतोय," एवढंच म्हणाले. आधी खाली शिरून पेडलचा रॉड सैल करून पाहिला. फरक पडला नाही. मग त्यांनी गोणपाट उचललं, आत बोट घातलं. बोट पिवळं, तेलकट होऊन बाहेर आलं.

तात्यांच्या मांडीवर सुमनचं डोकं होतं. ते म्हणाले, "मिस्त्री, काल म्या चांगलं वाटीभर तेल पाजलंय त्येला. मंग का चढंना?"

मिस्त्रींनी बोट धोतराला पुसलं. माझ्याकडे पाहिलं. "पलेट जुनी झालीया, तात्या. तेलाचा काय बी संबंद न्हाई."

क्लचला पकड यावी म्हणून त्यांनी पेट्रोल ओतून आतलं तेल धुतलं, वारं लागू दिलं, जवळच्या घरातून राख आणून भोकातून टाकली. सगळ्यात हळू गिअर लावला. जीप दहा पावलं चढली आणि थांबली. पुन्हा पेट्रोल, पुन्हा राख. सात पावलं. तिसऱ्यांदा चाक हललंच नाही. माझ्या पिशवीत बावीस वस्तू होत्या, यादीप्रमाणे सगळ्या. त्यातली एकही कामाची नव्हती. मी सुमनचा हात धरून नुसती बसले होते.

गावातले पुरुष बैल धुवायला नदीवर गेलेले. त्यांना बोलावून डोली येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मूल वाटेतच झालं, पायांकडून. मुलगी होती. रडली नाही. सुमन वाचली.

दवाखान्यात मिस्त्री तिला भेटायला आले, तेव्हा चपला दाराबाहेर होत्या. ती म्हणाली, "मिस्त्रीकाका, असली मोडकी गाडी आनलीच कशाला?"

"चुकलं, पोरी," ते म्हणाले. तात्या शेजारीच उभे होते.

झाकण त्याच आठवड्यात बसलं. मीच अर्ज घेऊन गेले. पण हिर्डोशीची माणसं पुढे कितीतरी दिवस आमच्या जीपमध्ये बसेनात. मिस्त्री गावाबाहेर जीप उभी करून आत चालत जात. कुणी टोमणा मारला तर ऐकून घेत. चेष्टा त्यांनी सोडूनच दिली. माझ्या यादीत आपलं नाव आहे का, हेही पुन्हा विचारलं नाही.

तात्या वारले, तेव्हा मी म्हणाले, "आता तरी सुमनला खरं सांगू या. मीही हसले होते, झाकणाचं काम मीच मागे टाकत होते."

"नगं, बाई. खांदा म्या दावला. म्हाताऱ्यानं मायेनं तेल घातलं. तिला तिचा सासरा चांगला आटवू द्या."

दोन वर्षांमागे मिस्त्रीही गेले. सुमनला आता दोन मुलगे आहेत. भोरच्या बाजारात भेटली की घट्ट हात धरते, घरचं सगळं सांगते आणि अखेर एकदा तरी म्हणतेच, "त्या मिस्त्रीच्या मोडक्या गाडीपायी माजी लेक गेली, बाई." मी मान हलवते. नाही म्हणत नाही.

हिर्डोशीकडे जायचं असलं की मी आदल्या दिवशी यादी करते. काल लस पोचवली, दोन बाळंतिणी पाहिल्या, गुरुजींची औषधं दिली. तिन्हींपुढे खूण झाली. चौथी ओळ 'सुमनला सांगणे'. ती आज नव्या पानावर उतरवून घेतली आहे.